तेवीस गाठींचा सूर्य

अक्काताईनं सूर्य करायला घेतला तेव्हा तिच्या आईची तक्रार एकच होती. सूर्य कर, चंद्र कर, पण त्यासाठी घरातली चांगली चुंबळ कशाला? जुन्या इरकली लुगड्याची, घट्ट वळलेली, डोक्यावर घागर ठेवली तर घागरीलाच झोप यावी अशी ती चुंबळ. पण अक्काताईचा इलाज नव्हता. सूर्याचा आकार चुंबळीचाच होता. आभाळातल्या नव्हे, माणसांनी जमिनीवर करायला घेतलेल्या सूर्याचा.

हे तिला मारुतीराव सरांनी सांगितलं होतं. सर दहावीला विज्ञान शिकवत आणि कुठलंसं मासिक टपालानं मागवून पोरांच्या आधी स्वतः दोनदा वाचत. त्यात आलं होतं की उदजनाचे, म्हणजे हायड्रोजनचे, अणू एकमेकांत मिसळले की सूर्यासारखी ऊर्जा सुटते. मात्र त्यासाठी वायू कोट्यवधी अंशांवर तापवावा लागतो, आणि तेवढा ताप सोसेल असं भांडं जगात कुणाकडे नाही. म्हणून पोकळ कड्यासारखं यंत्र करायचं, त्याला तारेचे वेढे घालायचे आणि चुंबकाच्या जोरावर तो वायू भिंतीला न लागू देता आतल्या आत गोल फिरवत धरायचा. अक्काताईनं हे घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हंजे तव्याला न लावता भाकरी भाजायची." अक्काताईनं ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. मासिकातल्यापेक्षा बरं होतं.

जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याऐंशी साली, निपाणीला होतं. विषय होता ‘ऊर्जा : पुढचे टप्पे’. निम्मे गुण प्रतिकृतीला आणि निम्मे पुढच्या टप्प्यांच्या तक्त्याला. बाकीच्या शाळा गोबरगॅस आणि सूर्यचूल आणणार हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं, कारण त्या दरवर्षी तेच आणत.

अक्काताई हे तिचं पाळण्यातलंच नाव. पणजीचं ठेवायचं म्हणून ठेवलं, आणि पंधराव्या वर्षी त्याची गंमत अशी झाली होती की हेडमास्तरसुद्धा तिला हाक मारताना आपोआप आवाज खाली आणत. नावामुळे मान मिळतो, गुण मिळत नाहीत. ते तिनं आपले आपण मिळवले होते. आता अडचण होती आप्पांची. तिचे वडील मायाप्पा म्हणजे सरळ माणूस. वडगावातल्या त्यांच्या घरात पुढच्या सोप्यात दोन यंत्रमाग, मागच्या सोप्यात आज्जांचा जुना हातमाग, आणि उरलेल्या जागेत माणसं. दहावीनंतर, पी.यू.सी.ला म्हणजे अकरावी-बारावीला, पोरीनं काय घ्यावं याबद्दल त्यांनी एकदाच सांगितलं होतं, "प्रदर्शनात नंबर आला तर पी.यू.सी. सायन्स. न्हाय आला तर आर्ट्स, आन् सकाळी दोन तास सुताच्या कांड्या भरायच्या." आप्पा एकदा बोलले की त्यावर पुन्हा बोलत नसत. मागाचा खडखडाट ऐकत ऐकत आयुष्य गेलं की माणूस बोलणं काटकसरीनंच करतो.

त्यात आप्पांचं डोकं त्या दिवसांत ठिकाणावर नव्हतं. दोनांतला डावा माग एका सोमवारी अचानक रुसला होता. बटण दाबलं की मोटार नुसती घुमायची, फिरायची नाही. वायरमन आला, त्यानं बोर्डावर बल्ब लावून बघितला, करंट येतोय म्हणाला, म्हणजे मोटार गेली. आप्पांनी मोटार उतरवून सायकलवर घातली आणि बाजारातल्या एका दुकानातून तिला नवी तार भरून आणली. जुनी तारही पिशवीत मागून आणली, कारण मोटार आपली म्हणजे तिच्या पोटातलं सगळं आपलं. मोटार बसवली, बटण दाबलं, आणि ती पुन्हा पहिल्यासारखी घुमली. तेव्हापासून आप्पा वीज बोर्डाला अर्ज लिहीत होते. तीन खोडले होते, चौथा चालू होता.

अक्काताईला मात्र ती पिशवी बघून हर्ष झाला. सूर्याला तांब्याची तारच तर हवी होती. चुंबळीला तिनं चांदीचा कागद लावला, तिच्या मधोमध विजेरीचा छोटा बल्ब बसवला. तारेतून प्रवाह गेला की बल्ब पेटणार आणि शेजारी ठेवलेल्या होकायंत्राची सुई वळणार, अशी सगळी रचना. राहिले वेढे. नेमकी शाळेत चाचणी परीक्षा लागली, तेव्हा आज्जा म्हणाले, तू शाळंला जा, तार माझ्याकडं दे.

देवाप्पा आज्जा म्हणजे वडगावात नाव असलेला कारागीर. त्यांच्या हातमागावर दोरा तुटला आणि त्यांनी गाठ मारली, की ती गाठ लुगडं नेसणारीला दिसत नसे, धुणारीला दिसत नसे आणि भिंग घेऊन बसणाऱ्या व्यापाऱ्यालाही सापडत नसे. दोन दिवस ते चुंबळ मांडीवर घेऊन बसले. शुक्रवारी अक्काताई शाळेतून आली तेव्हा वेढे घालून झाले होते, आणि असे झाले होते की ती चुंबळ फिरवून फिरवून बघत राहिली. तारेशेजारी तार, केसाचीही फट नाही.

तिनं लगेच विजेरीचे दोन सेल काढले, तर आज्जांनी हात धरला.

"आज अवस हाय. नवा माग अवसंला सुरू करत न्हाईत."

"आज्जा, ह्यो माग न्हाय."

"सूत गुंडाळलंय न्हवं? मग मागच."

तिनं पुष्कळ समजावलं. पण ज्या माणसानं दोन दिवस मान मोडून आपला सूर्य वळला, त्याच्याशी अमावस्येवरून किती भांडायचं? उद्या निपाणीतच लावू, असं ठरलं. मग आज्जा तिचा तक्ता वाचायला बसले. पहिला टप्पा, तापवणे. दुसरा, धरून ठेवणे. तिसरा, जेवढी ऊर्जा घातली तिच्यापेक्षा जास्त परत मिळवणे. चौथा, गावोगाव वीज. प्रत्येकापुढं साल लिहिलं होतं. मासिकात तीस-चाळीस वर्षं म्हटलेलं होतं, त्यावरून सरांनी आणि तिनं मिळून ती ठरवली होती. घरात तेव्हा वीज गेलेली होती, त्यामुळे आज्जांनी तक्ता दारात नेऊन वाचला.

"मग ही वीज कवा येणार?"

"दोन हजार पंचवीसला."

"आन् बोर्डाची?"

"ती सहाला."

"मग बोर्डच बरं की," आज्जा म्हणाले आणि तक्ता गुंडाळून ठेवला.

शनिवारी सकाळी सर, आज्जा आणि अक्काताई निपाणीच्या एस.टी.त बसले. सूर्य आज्जांच्या मांडीवर होता. शेजारच्या बाईनं संकेश्वरपर्यंत कसाबसा धीर धरला आणि मग विचारलं, चुंबळीला चांदी का लावलाय. आज्जा म्हणाले, जरा नाजूक घागर हाय.

प्रदर्शन एका हायस्कुलाच्या मोठ्या खोलीत होतं. खिडकीतून वखारीतल्या तंबाखूचा वास येत होता आणि शेजारच्या टेबलावरच्या गोबरगॅसशी त्याची चढाओढ लागली होती. अक्काताईनं तक्ता टांगला, सूर्य मांडला, आज्जांच्या हस्ते सेल जोडले. आज्जांनी आधी सूर्याला हळदकुंकू लावलं. मग सगळे बल्बाकडं बघत राहिले, आणि बल्ब त्यांच्याकडं.

पेटला नाही. होकायंत्राची सुईही जागची हलली नाही.

अक्काताई घाबरली नाही, कारण घाबरायचा क्रम तिनं ठरवून ठेवला होता. आधी बल्ब बदलला. मग सरांनी आपल्या विजेरीतले नवे सेल दिले. मग दोन्ही टोकं पुन्हा खरवडली. काहीच होईना. परीक्षक पलीकडच्या भिंतीपाशी पोचले होते. इकडं यायला फार तर पाऊण तास. तिच्या डोळ्यांपुढं कांड्यांची टोपली आली. रोज सकाळी दोन तास, जन्मभर.

आज्जांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बघायला आलेल्या लोकांपुढं ते खुशीत बसले होते.

"वेढं काय बघतासा," ते एका पाव्हण्याला सांगत होते, "आख्ख्या सूर्यात तेवीस गाठी हाईत. एक दाखवा, तुमास्नी च्या पाजतो."

अक्काताईच्या हातातली विजेरी टेबलावर पडली.

"आज्जा, कसल्या गाठी?"

"तार तुकड्या-तुकड्यांची होती की. चोवीस तुकडं. जोडून घेतली."

"जोडताना वरची लाख खरवडलीस?"

"लाख कशाला खरवडायची? चकाकी जाती."

मोटारीच्या तारेवर लाखेचा पातळ थर असतो आणि त्यातून वीज जात नाही. म्हणजे चोवीस तुकडे एकमेकांना मिठी मारून बसले होते आणि एकाचं दुसऱ्याशी बोलणं नव्हतं. सरांनी कपाळाला हात लावला. जळक्या मोटारीची तार असून लाख अशी शाबूत कशी, असं ते पुटपुटले. नाहीतर ती जळून कधीच गळली असती, आणि गाठी मारूनही सूर्य पेटला असता.

"मग आता दाखव कुठं हाईत त्या," अक्काताई म्हणाली.

आज्जांनी चष्मा लावला. अंगठा सबंध चुंबळीवरून एकदा फिरवला. मग चष्मा काढून, डोळे मिटून आणखी एकदा फिरवला. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"न्हाय गं घावत."

"तूच मारलाईस की."

"म्हणूनच घावत न्हाय."

अक्काताईला खूप बोलायचं होतं. पण आज्जा अंगठ्याकडं असे बघत होते, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. सुताला आत-बाहेर नसतं, ते म्हणाले, तारेला असतं हे मला काय ठावं. तिनं वहीतून कोरा कागद फाडला. सूर्याचे पुढचे टप्पे भिंतीवर होतेच. आता या क्षणाचे पुढचे टप्पे लागत होते.

तेवीस गाठी नजरेनं शोधायच्या तर दिवस जाईल. पण अर्धं अर्धं करत गेलं तर? तिनं आईनं दिलेल्या दोन सुया घेतल्या, त्यांना सेल आणि बल्ब जोडला. एक सुई तारेच्या टोकाला. दुसरी बरोबर मध्यावर, लाख किंचित खरवडून. अंधार. म्हणजे या अर्ध्यात गाठ आहे. त्याच्या अर्ध्यावर, अंधार. त्याच्याही अर्ध्यावर, अंधार. आणखी अलीकडं आली, आणि बल्ब मिणमिणला. म्हणजे गाठ या सुईच्या पुढं आणि मागच्या खुणेच्या आत. पुन्हा मध्य, पुन्हा सुई. शेवटी दोन वेढे उरले, आणि त्यांच्या आतल्या अंगाला आज्जांची पहिली गाठ निघाली. मोहरीपेक्षा बारीक.

"घावली," आज्जा म्हणाले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांची गाठ कुणाला सापडली होती. त्यांना वाईट वाटावं की बरं, हे त्यांचं ठरेना.

तिघं कामाला लागले. ती शोधायची, ते सोडवायचे, सर ब्लेडनं खरवडायचे. परीक्षक आले तेव्हा तीन गाठी झाल्या होत्या, सूर्याला तीन शेंड्या फुटल्या होत्या आणि हळदकुंकू सरांच्या बाहीला लागलं होतं. तीन परीक्षकांतल्या जाड चष्म्याच्या गृहस्थांनी आधी सूर्याकडं पाहिलं, मग तक्त्याकडं. तक्त्यावर पहिल्या टप्प्याच्या डोक्यावर स्केचपेननं घाईघाईत लिहिलं होतं, ‘टप्पा शून्य : गाठी शोधणे’.

"तुमचं यंत्र चालत नाही?" त्यांनी विचारलं.

"अजून न्हाई, सर. वीस गाठी राहिल्यात."

"आणि मोठ्या देशांतली खरी यंत्रं आहेत, त्यांचं काय?"

अक्काताईनं सुई बाजूला ठेवली. "त्यांची बारीक बारीक कामं चालू हाईत, सर. पण त्यात गाठी किती, तेच त्यांना अजून कळलेलं न्हाई. आम्हाला आकडा तरी ठाऊक हाय."

परीक्षकांनी चष्मा पुसला आणि तिला सुयांची ती युक्ती पुन्हा एकदा करून दाखवायला लावली. जाताना वहीत बरंच काही लिहिलं. सरांच्या मते ती चांगली खूण होती. पण संध्याकाळी निकाल लागला तेव्हा पहिला नंबर सूर्यचुलीला मिळाला, कारण तिच्यात खरोखर भात शिजला होता आणि परीक्षकांनी तो खाल्ला होता. दुसरा गोबरगॅसला. तिसरा पवनचक्कीला. सगळ्यात शेवटी अक्काताईचं नाव आलं, उत्तेजनार्थ.

परतीच्या एस.टी.त सूर्य पिशवीत बसला. आज्जा म्हणाले, मायाप्पाला मी सांगतो, चूक माझी. त्यांनी ते दोनदा म्हटलं, म्हणजे मायाप्पा ऐकणार नाही हे त्यांनाही माहीत होतं. अक्काताई खिडकीशी बसून नखात अडकलेला लाखेचा टवका काढत होती. तांबूस, चकचकीत, नव्यासारखा. सरांचं पुटपुटणं तिच्या डोक्यात आलं, आणि यमकनमर्डीच्या अलीकडं ती ताठ बसली.

लाख शाबूत. म्हणजे ही तार जळलेलीच नव्हती. म्हणजे मोटार जळलेलीच नव्हती. मग माग बंद का पडला? बोर्डावर करंट आहे, मोटार चांगली आहे. मग दोघांच्या मधे काय आहे?

मधे वायर आहे.

ती हळूच आज्जांकडं वळली. "आज्जा, घरात आणखी कुठं गाठ मारलाईस?"

आज्जांनी नजर बाहेरच्या उसाकडं वळवली.

"उंदरानं वायर कुरतडलती," ते म्हणाले. "आढ्याला. रविवारी. लाइट गेल्याली, म्हटलं तेवढ्यात जोडावी. वरनं त्याच रंगाचं सूतबी गुंडाळलं. लई झ्याक झालती."

"आन् सोमवारी माग बंद पडला."

"ते बोर्डामुळं न्हवं?" आज्जा म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

घरी पोचले तेव्हा आप्पा दारातच होते. हातात बोर्डाचा अर्ज, आता स्वच्छ अक्षरात. त्यांनी विचारलं, कितवा नंबर. अक्काताई म्हणाली, उत्तेजनार्थ. हा कितवा, असं आप्पांनी विचारलं. आज्जा म्हणाले, तो मोजत न्हाईत. यावर आप्पांनी मान हलवली, आणि त्या हलवण्यात कांड्यांची सबंध टोपली होती.

पण अक्काताई उंबऱ्यावर थांबलीच नाही. तिनं आधी मेन स्विच खाली ओढला, मग स्टूल मागितलं. आप्पा अडवायला पुढं झाले, पोरीनं विजेच्या कामात हात घालायचा नाही म्हणाले. तेव्हा आज्जा मधे उभे राहिले.

"मायाप्पा, बघू दे तिला. गाठ माझी हाय."

मोटारीला जाणाऱ्या तीन वायरी होत्या, जुन्या, कापडी वेष्टणाच्या. तिनं तिन्हींची दोन्ही टोकं सोडवून घेतली. पहिलीला सुया लावल्या, बल्ब पेटला. दुसरी, पेटला. तिसरी, अंधार. मग मध्यावर सुई टोचली. मग त्याच्या अर्ध्यावर. आप्पा खालून विजेरी धरून उभे होते. आधी कंबरेवर हात ठेवून, मग टाचा उंच करून. पाचव्या टोचणीला, आढ्याच्या वळणावर, तिनं नखानं सूत उकललं. आत आज्जांची गाठ होती. देखणी, रेशमी, आणि वीज जायला अजिबात वाट नसलेली.

तिनं टोकं सोलली, तांब्याला तांबं पिळलं, वर काळी पट्टी गुंडाळली, बाकीची टोकं होती तशी जोडली आणि मेन वर केला. आप्पांनी बटण दाबलं. घुमणं ऐकायच्या तयारीनं सगळ्यांनी तोंडं आधीच वाकडी केली होती. पण मोटार घुमली नाही. ती फिरली. पट्टा पळाला, धोटा सुटला, आणि बारा दिवस मुका असलेला माग खडाखडा बोलायला लागला. स्वयंपाकघरातून आई पिठाच्या हातानं धावत आली. आज्जा स्टुलावर टेकले आणि इतका मोठा सुस्कारा सोडला की अक्काताईला वाटलं, यमकनमर्डीपासून त्यांनी तो एकच श्वास धरून ठेवला असावा.

 एक वीत कापड निघालं, तेव्हा कुठं आप्पा बोलले.

"असलं आर्ट्सला शिकवत न्हाईत व्हय?"

"न्हाईत, आप्पा."

त्यांनी हातातला अर्ज एकदा वाचला. बोर्डाला उद्देशून त्यात बरेच कठीण शब्द होते. मग तो उलटा करून त्यांनी कोरी बाजू तिच्यापुढं ठेवली. सायन्सचं फारम कुठं मिळतंय, कवा भरायचं, काय काय लागतंय, ते सगळं टप्प्यानं लिही, म्हणाले. आणि आज्जांकडं न बघता पुढं म्हणाले, पयला टप्पा, आज्जाला वायरीपासनं लांब ठेवणे.

अक्काताई जमिनीवर बसली आणि मागाच्या खडखडाटात तिनं मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘पुढचे टप्पे’. आईनं पिशवीतला सूर्य काढून उजेडात धरला. तीन शेंड्या, पुसटलेलं कुंकू आणि आत कुठंतरी वीस गाठी. तिनं विचारलं, ते सगळं असू दे, पण माझी चुंबळ कवा मोकळी व्हायची?

अक्काताईनं लिहिता लिहिता सांगितलं, "दोन हजार पंचवीसला."